लाल की निळे? पलूसजवळच्या एका गावातलं माझं अर्धं जेवण

पलूसकडं जायचं ठरलं ते स्नेहलच्या, म्हणजे जिच्याशी मला लग्न करायचंय तिच्या, एका फोनवर. "दादा इंग्लंडवरून सुट्टीला आलाय. आबा त्याचं ऐकतात. रविवारी जेवायलाच ये. फक्त एक कर, राजकारण बोलू नकोस." मी इंजिनिअरिंग तिसऱ्या वर्षात सोडलं, सध्या शिरवळच्या एका कारखान्यात आहे. त्यामुळं "कॉलेज का सोडलं?" याची उत्तरं आरशासमोर उभं राहून पाठ केली. राजकारणाची तयारी कशाला करायची? मला त्यातलं ओ की ठो कळत नाही.

आता रस्त्याचं सांगतो, म्हणजे तुमचा तरी जीव वाचेल. सातारा ते कराड हायवेचं काम चालूच आहे, जागोजागी डायव्हर्जन. तोंडाला फडकं बांधूनही दातात धूळ येते. कराडात मिसळ खाऊन घ्या, शंभरच्या आत पोट गच्च. तिथून ताकारीच्या अंगानं पलूसकडं वळलात की खरा छळ सुरू होतो: उसाच्या डबल ट्रॉल्या. पुढं ट्रॅक्टर मोठ्यानं गाणी लावून डुलत चाललेला, मागं आपण, आणि ओव्हरटेकचं नावच नाही. गाळपाच्या दिवसांत जाणार असाल तर वेळ दीडपट धरा. बाकी दोन्ही बाजूंना ऊस, मधूनच द्राक्षबागा, हवेत गुळाचा वास. प्रेमात नसलेल्या माणसालाही बरं वाटेल असा भाग आहे.

गावाच्या फाट्यावर समोरासमोर दोन चहाची हॉटेलं आहेत. मी सावलीतलं निवडलं. तिथंच माती खाल्ली.

"कुणाकडं, पाव्हणं?" हॉटेलवाल्या काकांनी विचारलं. मी स्नेहलच्या वडलांचं नाव सांगितलं.

"व्हय व्हय. आमचा पुतण्या आन त्येंचा सुधीर विलायतंत एकाच गावात हायती."

"मग भेटत असतील की."

"भेटत्यात. आमचा तिथल्या निळ्या पार्टीत, त्यो तिथल्या लाल पार्टीत. लय गोड बोलत्यात, पर निस्तं हवापान्यावर." आणि काका असे हसले की मला कौतुकच वाटलं. काय ते लोक! विरोधात असूनही गोड बोलतात.

फाट्यापासून घर हाकेच्या अंतरावर. तरी मी पोचायच्या आत बातमी पोचली होती. आबा, म्हणजे स्नेहलचे वडील, ओसरीवरच म्हणाले, "या. चा घेतलासा म्हणं, त्येंच्यात?"

'त्येंच्यात' म्हणजे दुसऱ्या गटात. ग्रामपंचायत, दूध डेअरी, सोसायटी, सगळीकडं या गावात दोन गट. चहालाही गट असतो हे मला कुणी सांगितलं नव्हतं. म्हणून तुम्हाला सांगतोय, अशा गावात पाहुणे म्हणून जाणार असाल तर चहा आधी विचारून प्या.

ताटं वाढली. मटणाचा रस्सा, ज्वारीची भाकरी. कॉलेजबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. सुधीरदादा मात्र सुरू झाले. "तिकडं राजकारण कसं सभ्य बघा. मी पार्टीसाठी दारोदार फिरतो. विरोधातला माणूसपण हसून थँक यू म्हणतो आणि दार हळूच लावतो. शिवी नाही, आवाज नाही. फक्त 'विथ रिस्पेक्ट' म्हणाला, की ओळखायचं, आता हा आपल्याला सोलणार."

मला खरंच आवडलं. म्हणून साध्या मनानं विचारलं, "लाल पार्टीचं नेमकं काय पटलं तुम्हाला?"

दादा पाणी प्यायले. उत्तर आबांनी दिलं. "फाट्यावाल्याचा पुतण्या निळ्यात गेल्याव आमी बी निळ्यात जायाचं व्हय?"

"म्हणजे लंडनमधलं सरकार कुणाचं असावं, हे या गावचे दोन गट ठरवणार?"

दादा हसले. "विथ रिस्पेक्ट, तुम्हाला तिकडचं नाही कळणार."

मी भाकरी जरा जोरातच मोडली. तेवढ्यात आबांनी विचारलं, "तुमी तुमच्या गावात कुठल्या गटाचं?"

"कुठल्याच नाही."

"मंग आडीआडचणीला कुणाच्या दारात जाणार? माझी पोर ज्या घरात जायाची, त्या घरामागं चार मानसं नकोत?"

प्रश्न वाईट नव्हता. माझे वडील दवाखान्यात होते तेव्हा आमच्याकडं कुणीही फिरकलं नव्हतं, ते आठवलं. उत्तर सुचलं नाही की मी पेटतो. "मग मला निळ्यातलाच धरा!" मी ओरडलो आणि उठलो. भरल्या ताटावरून. स्वयंपाकघराच्या दारात स्नेहल गरम भाकरी हातात घेऊन उभी होती.

आबा गाडीपर्यंत आले. हात जोडले. "सावकाश जावा. परत या." इतक्या आदरानं मला आजवर कुणी हाकललेलं नाही.

परतीला तेच ट्रॅक्टर, तीच गाणी आणि पोटात दीड भाकरी. घरी आईनं विचारलं, "काय म्हणाले?" मी म्हणालो, "परत या म्हणाले." ती बिचारी खूश.

आठवडाभर वाटत होतं, ही माणसं विलायतेत गेली तरी तिथं आपला फाटाच मांडून बसतात, आणि वर आपल्यालाच सभ्यपणा शिकवतात. अजूनही वाटतं. पण मग स्नेहलचा फोन आला.

"आबा आणि दादा रोज भांडतात. घाण घाण शिव्या देतात एकमेकांना. पण ताटावरनं कुणी उठत नाही आमच्यात. तू कॉलेजातनंही असाच उठलास."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला. मग विचारलं, "आबा काय म्हणतात?"

"म्हणाले, मानूस उपाशी गेलाय दारातनं, त्येला आधी जेवाय घाला."

"आणि लग्नाचं?"

"लग्नाचं नाही. जेवणाचंच म्हणाले."

येत्या रविवारी निघतोय. 'कुठल्या गटाचं' हे पुन्हा विचारतीलच, दादा पुन्हा 'विथ रिस्पेक्ट' म्हणतीलच. डोकं फिरणार, हेही नक्की. तेव्हा भाकरीचा मोठा तुकडा तोंडात कोंबायचा, आणि तो पूर्ण गिळेपर्यंत मांडी मोडायची नाही.