फॉर्म बंद आहे हे मला ठाऊक होतं

फरीदाबादला वेबसाइट बनवणाऱ्या एका छोट्या एजन्सीत मी सहा वर्षं डिझायनर होते. एका मीटिंगमध्ये क्लायंटने माझ्या कामाचं कौतुक केलं, तेव्हा बॉस हसत म्हणाला, "सोच सारी मेरी है, ये तो बस रंग भरती हैं." क्लायंट हसला. मीही हसले. बॉसच्या बोलण्यापेक्षा मला माझ्या त्या हसण्याचा जास्त राग आला. महिन्याभरात मी राजीनामा दिला. तो वाचून बॉस म्हणाला, "क्लायंट ढूँढना अलग चीज़ है मैडम. छह महीने में वापस आओगी."

पहिले दोन महिने त्याचंच खरं होतंय असं वाटत होतं. गाज़ियाबादच्या आमच्या घरात जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप मांडून मी रोज दहा-बारा अनोळखी कंपन्यांना मेल पाठवायचे. उत्तरं यायची नाहीत. मराठी मंडळाच्या हळदीकुंकवात चारचौघींना माझं नवं काम सांगितलं, तर एकीने मुलाच्या मुंजीची पत्रिका करून मागितली. दुसरी म्हणाली, "आमचा भाचा करतो गं, घरातल्या घरात."

मग एका सकाळी मला गॅस्केटवाल्या बाई आठवल्या. नवरा गेल्यावर त्याचा रबरी गॅस्केटचा कारखाना एकटीने चालवणाऱ्या, साठीच्या पंजाबी बाई. त्यांची साइट मी केली होती. साइटवरच्या फॉर्ममध्ये कुणी चौकशी केली की ती माझ्या ऑफिसच्या मेलवर यायची आणि मी ती त्यांना पुढे पाठवायचे. तात्पुरती म्हणून केलेली ती सोय बॉसने कधी बदलू दिली नव्हती. आणि मी निघाल्याच्या दिवशीच माझा मेल बंद झाला होता.

खात्री करायला म्हणून मी बहिणीच्या नावाने तो फॉर्म भरला. 'धन्यवाद, आम्ही लवकरच संपर्क करू,' असं साइटने सांगितलं. त्या बाई एरवी संध्याकाळच्या आत उत्तर द्यायच्या. आठवडा गेला तरी काही आलं नाही.

त्या संध्याकाळी नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "मग फोन कर ना यार त्यांना."

"करेन."

"कधी?"

"थोडं पिकू दे."

तो भाजी चिरायला उठला. पुन्हा त्याने विषय काढला नाही. मी तीन महिने थांबले. नुकसान जितकं मोठं, तितका बॉस खोल बुडेल, असा साधा हिशोब होता. त्या नुकसानात बाईही होत्या. ते मला कळत नव्हतं असं नाही.

मग एके दिवशी मंडी हाउसला मेट्रो बदलून फरीदाबादला गेले. बाईंनी चहा मागवला. मी म्हटलं, "आंटीजी, अपने फोन से अपना ही फॉर्म भरिए." त्यांनी चष्मा लावून एकेक अक्षर दाबत तो भरला. आम्ही दोघी त्यांच्या कंप्यूटरसमोर बसून राहिलो. चहा संपला. मेल आला नाही.

"कब से बंद है?"

"जब से मैंने नौकरी छोड़ी."

त्यांनी बोटांवर महिने मोजले. "मैं सोचती रही मंदी है. दो लड़कियों को काम से हटा दिया मैंने." मग माझ्याकडे वळून विचारलं, "तुम्हें कब पता चला बेटा?"

"पिछले हफ्ते," मी म्हणाले. आवाज जराही हलला नाही.

त्यांनी माझ्यासमोरच बॉसला फोन लावून काम काढून घेतलं. संध्याकाळी मला त्याचा फोन आला.

"मेरे क्लायंट तोड़ रही हो?"

"हाँ."

"मुझे बता देतीं, मैं ठीक करवा देता."

"जाते वक़्त लिखकर दिया था. हैंडओवर नोट में तीसरा पॉइंट."

तो खूप बोलला, मग ओरडला, मग त्याचा आवाज चिरकला. मी फोन ठेवला नाही. तो थकेपर्यंत ऐकत राहिले, आणि त्या रात्री कित्येक दिवसांनी मला भूक लागली.

त्यानंतर त्याचे आणखी चार क्लायंट मी गाठले. कुणाच्या साइटवर जुना पत्ता होता, कुणाची साइट मोबाइलवर उघडतच नव्हती. चौघांपैकी तिघे माझ्याकडे आले. बॉसच्या म्हणण्याप्रमाणे ज्या सहा महिन्यांत मी परत जाणार होते, ते उलटून गेले होते, आणि आता त्याच्याच ऑफिसमध्ये माणसं कमी झाल्याचं कानावर आलं. त्याचं मला आजही वाईट वाटत नाही.

त्या दोन मुलींचं मात्र वाटतं. नवी साइट सुरू झाल्यावर मी बाईंना त्यांच्याबद्दल विचारलं. एक परत आली होती, दुसरी गावी निघून गेली होती. त्याच दिवशी बाईंनी शेजारच्या तीन कारखानदारांना चहाला बोलावलं होतं. माझ्या पाठीवर हात ठेवून त्या म्हणाल्या, "इतने लोगों में एक यही ईमानदार निकली." तिघांनी आपापली कार्डं पुढे केली. मी ती घेतली.