पन्हाळीखालचा ड्रम
कापड रंगवणाऱ्या डाइंग मिलच्या रिकाम्या ड्रमचा उग्र वास आला की लिंबायत वस्तीतलं आमचं घर आठवतं. छपराचं पाणी शेजारच्या मावशींच्या सखल जागेतल्या खोलीत शिरू नये, म्हणून वडिलांनी पन्हाळीखाली असाच ड्रम ठेवलेला. मला बघायला पाहुणे येणार होते त्या दिवशी मला त्याची लाज वाटली. मीच तो घरामागे ढकलला. मावशी आमच्याकडे पोहे करत असतानाच पाऊस कोसळला. त्यांची सून धावत आली, "आई, घरात पाणी भरलं!" मावशी हळूच म्हणाल्या, "बोंबलू नको, पाहुणे जाऊ देत आधी." सगळं ऐकूनही मी चहाचा ट्रे घेऊन बाहेर गेले. नंतर मावशींनीच ड्रम जागेवर लोटला आणि त्या घरातलं पाणी उपसायला गेल्या. आज माझ्या दारात पन्हाळीखाली दोन ड्रम आहेत, आणि सासूबाई येईल त्याला सांगतात, सुनेला शेजाऱ्यांची फार काळजी.