मोजणीत एक जादा

माझी आत्या जन्मभर परक्या माणसांना आमचं शहर दाखवत फिरली, आणि मी तिच्या जिवावर तिकीटखिडकीत चिकटले. आमच्या घराण्यात कर्तृत्व एवढंच. पण आत्याबद्दल लिहायचं तर तिच्या कर्तृत्वापेक्षा तिच्या मोजणीबद्दल लिहायला हवं.

आमच्या शहराच्या पोटात एक हौद आहे. हौद म्हटलं की लोकांना परसातला हौद आठवतो. हा एवढा की अख्खी गल्ली आत मावेल. वर रस्ता, दुकानं, दवाखाना. खाली दगडी खांबांच्या रांगाच्या रांगा, अंधार आणि हाडात शिरणारा गारवा. नळ यायच्या आधी सगळं शहर हेच पाणी प्यायचं. आता पंप लावून तो कोरडा ठेवतात आणि तिकीट लावून दाखवतात. सुट्टीच्या आदल्या संध्याकाळी पंप बंद होतो. मग झरे आपलं काम करतात, आणि सकाळपर्यंत पाणी पुरुषभर चढलेलं असतं.

हे सगळं माझ्या खिडकीशेजारी हातभर अक्षरांत लिहिलेलं आहे. वेळ, सुट्टीचा वार, फरशी निसरडी आहे, खाली स्वच्छतागृह नाही. तरी प्रत्येक जण पाटीला टेकून मलाच विचारणार, "मॅडम, खाली बाथरूम आहे का?" माझं डोकं फिरायचं. मी काहीतरी खोचक बोलायची, आणि आत्या मागून येऊन मला दटावायची.

"अगं, परगावचं माणूस आधीच बावरलेलं असतं. त्याला नीट सांगावं. आपलं काय जातं?"

आत्याचा नवरा लग्नानंतर वर्षभरात गेला आणि ती आमच्याकडे आली ती कायमची. आईच्या आजारपणात मला तिनेच वाढवलं. आवाज बारीक, पण हौदाच्या शेवटच्या खांबापर्यंत पोचायचा. तिला एकाच गोष्टीचा तिटकारा होता, भुताच्या गोष्टींचा. एकदा पर्यटन खात्याचे साहेब आले आणि म्हणाले, बाई, शेवटच्या फेरीला दिवे मंद करून एखादी हडळ-बिडळ सांगा, लोक दुप्पट येतील. आत्या म्हणाली, "साहेब, हडळ तुम्ही आणा, पगार तुम्ही द्या. मी पाण्याचं सांगते." साहेब जे गेले ते पुन्हा फिरकले नाहीत. तिला भुतं का नको होती, ते त्यांना कळलं असतं तर जिना चढतानाच त्यांची पाचावर धारण बसली असती.

झालं होतं असं. जिन्याच्या तळाशी एक लोखंडी दार आहे. त्यातून एका वेळी एकच माणूस जातं. गाइडचं पहिलं काम म्हणजे माणसं मोजून आत सोडायची आणि मोजून बाहेर घ्यायची. आत्या कामाला लागली त्याच दिवशी बाहेर येताना एक माणूस जादा भरलं. तिला वाटलं, आपलंच चुकलं. दुसऱ्या दिवशी तेच. चेहरे बघावेत तर कुणी परकं वाटेना, कारण सगळेच परके. वर येईपर्यंत आकडा जाग्यावर यायचा. कोण कुठल्या पायरीवर कमी झालं, ते कळायचं नाही. तिने आधीच्या म्हाताऱ्या गाइडला भीत भीत विचारलं. तो तंबाखू मळत म्हणाला, "एक वजा करायचा आणि गप्प राहायचं. मी तेच केलं."

आत्याने तेच केलं. आमच्यात त्याला नाव पडलं, जादा. "आज जादा लवकर आलं," "आज जादा अगदी शेवटी निघालं," असं ती जेवताना सांगायची, शेजारच्या मुलाबद्दल सांगावं तसं. मी हसायची. मग एकदा मला शहाणपणा सुचला आणि मी स्वतः खाली दाराशी उभी राहिले. अकरा जण आत सोडले. बाहेर येताना अकरावी बाई गेली, मी सुटकेचा श्वास सोडला, आणि माझ्या खांद्याला घासून आणखी कुणीतरी निघून गेलं. मान खाली, जरा घाईत, गाडी चुकेल की काय अशा धास्तीने. त्यानंतर मी कधी खाली उतरले नाही आणि हसलेही नाही.

"कोण असेल गं ते?" मी एकदा विचारलं.

आत्या उष्टी भांडी उचलत म्हणाली, "शहराला वेढा पडला तेव्हा हौद उपसून माणसं आत लपली होती ना? वेढा उठल्यावर वर शहर जळत होतं, आग विझवायला हौद पुन्हा भरू द्यायची घाई होती. प्रत्येक गल्लीच्या पुढाऱ्याने आपापली माणसं मोजून वर घेतली. सगळ्यांची मोजणी बरोबर आली, तसं लिहूनही ठेवलंय. पण त्या दिवसांत कुणी परगावचं इथे अडकलं असेल, तर ते कुठल्या गल्लीच्या मोजणीत धरणार?"

ताट तसंच ठेवून मी उठले.

आता त्या दिवसाचं सांगते. सुट्टीच्या आदल्या दिवसाची शेवटची फेरी होती. लांबून आलेली एक बस, माणसं बावीस, एकमेकांना न ओळखणारी. फेरी संपली, लोक वर आले, ड्रायव्हरने बसमध्ये डोकी मोजली, सगळ्या जागा भरल्या म्हणून गाडी हाकली. पंपवाल्याने पंप बंद केला आणि तो किल्ल्या वाजवत उभा राहिला. आत्या मात्र वर येईना. बऱ्याच वेळाने आली ती पांढरीफटक.

"आज बरोबर आलं," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"बावीस सोडले, बावीस आले."

"मग बरंच झालं की! सुटली एकदाची पीडा. चल घरी."

"अगं खुळे, जादा कुठे गेलं मग? इतक्या वर्षांत त्याने एक फेरी चुकवलेली नाही. ते आलं असेल तर बाविसांतलं एक आत आहे."

पंपवाला म्हणाला, "बाई, बस भरून गेली. कुणी कमी असतं तर ड्रायव्हरने बोंब मारली नसती?"

त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. मीही त्याच्याच बाजूने बोलले, कारण मला खाली जायचं नव्हतं. आत्याने आमच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. तिने बॅटरी घेतली आणि ती जिना उतरू लागली. मला भीती वाटत होती, तिचा रागही येत होता, पण तिला एकटीला सोडवेना. मी तिचा पदर धरून मागे गेले. तिच्या पाठीमागे लपून, खरं सांगायचं तर.

खाली घोट्याएवढं पाणी आलं होतं. दिवे बंद केलेले. आत्या हाका मारत होती, "कोण राहिलंय का? घाबरू नका, आम्ही आलोय!" तिचा आवाज खांबाखांबांवरून परत यायचा आणि प्रत्येक वेळी वाटायचं, कुणीतरी उत्तर दिलं. मी म्हटलं, परत फिरू या, कुणी नाहीये. ती म्हणाली, "तू जा हवं तर." आणि शेवटच्या रांगेतल्या खांबाआड बॅटरीच्या उजेडात एक बूट दिसला. बुटात पाय होता.

साठीचे एक गृहस्थ होते. पाय घसरून डोकं आपटलेलं, शुद्ध हरपलेली, आणि पाणी कानाला लागलेलं. मी किंचाळले, पंपवाला धावत आला, आणि आम्ही तिघांनी त्यांना ओढत वर आणलं. समोरच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी टाके घालून जखम बांधली, गोळ्या दिल्या आणि म्हणाले, आणखी तासभर उशीर झाला असता तर मला बोलवायची गरज नव्हती. 'चल घरी' असं मीच म्हणाले होते.

गृहस्थ माझ्या तिकीटखिडकीच्या खोलीत खुर्चीवर चहा पीत बसले. घरी वाट बघणारं कुणी नाही, म्हणाले, एकटाच फिरतो. फक्त बसवाल्यांना कळवायला हवं, ते बिचारे शोधत असतील. बसच्या भिजलेल्या तिकिटावर ड्रायव्हरचा नंबर होता. त्यांचा फोन पाण्याने बंद पडला होता, म्हणून मीच फोन लावून स्पीकर चालू केला.

बस डिझेल भरायला थांबली होती. गृहस्थांनी आपला सीट नंबर सांगितला, हौदात राहून गेलो म्हणाले. ड्रायव्हर हसला.

"कशाला चेष्टा करता राव? त्या सीटवरचं माणूस बसलंय की जाग्यावर. अगदी मागे, खिडकीला डोकं लावून झोपलंय. गाडीत बसल्यापासून हललेलं नाही."

गृहस्थांच्या हातातला कप कलंडला आणि चहा त्यांच्या मांडीवर सांडला, तरी त्यांना कळलं नाही.

"थांबा, उठवून विचारतो," ड्रायव्हर म्हणाला, आणि त्याच्या चपलांचा आवाज बसच्या मागच्या बाजूला जाऊ लागला.

आत्याने झडप घालून माझ्या हातातून फोन घेतला. तिचे डोळे भरून आले होते, पण आवाज तोच, परगावच्या माणसाला वाट सांगतानाचा.

"अहो, ऐका. उठवू नका त्याला. तुमचे पाहुणे इथे सुखरूप आहेत, सकाळच्या गाडीने येतील. त्याला तेवढं झोपू द्या."

"पण बाई, ह्याला उतरायचंय कुठे?"

"ते विचारू नका. प्रत्येक गावात दार उघडा आणि जरा वेळ उघडं ठेवा. आपलं गाव आलं की ते आपलं आपण उतरेल."