ताईच्या पतंगाची फडफड

ज्या बाईला एक सैल टीप सहन होत नसे, तिनं आपल्याच हातची देखणी शिवण एका दुपारी सगळीच्या सगळी उसवली. लोक म्हणाले, डोकं फिरलं. लोकांचं काय घेऊन बसलात! लोकांना कारण ठाऊक नव्हतं. ते सांगायचं तर आधी तिच्या दुकानात जायला हवं.

दुकान म्हणजे बंदराच्या मागच्या गल्लीतली एक लांबोडकी खोली. जाड कापड शिवायचं मशीन जमिनीतल्या एका खड्ड्यात बसवलेलं, म्हणजे शिवणारा खड्ड्यात बसतो आणि मोठ्या ताडपत्रीचा भार फरशीवर राहतो. भिंतीला टेकून ट्रकच्या ताडपत्र्या, दुकानांची कापडी छतं आणि होड्यांची शिडं गुंडाळून उभी. खड्ड्यात बसलेली ताई गिऱ्हाइकाला कमरेच्या वरच दिसायची. तेवढी पुष्कळ झाली, कारण जीभ वरच्या अर्ध्यातच होती.

सगळी गल्ली तिला ताई म्हणायची, म्हणून तिचा नवरा आपसूक सगळ्या गल्लीचा भावजी झाला. भावजी बेकरीची गाडी चालवायचे. पहाटे निघायचं, दुकानोदुकानी पाव पोचवायचे आणि दुपारी जेवायला घरी यायचं. मुलखाचा शांत माणूस. ‘बरं’ या एका शब्दावर त्यांनी अख्खा संसार निभावला होता. पण मनातून त्यांना बायकोचं फार कौतुक. घरात आईसमोर बोलायची सोय नव्हती, म्हणून पाव देताना ते दुकानदारांना सांगायचे, “ते बाहेरचं छत आहे ना, ते आमच्या हिनं शिवलंय. वादळात खांब वाकला, पण टीप सुटली नाही.”

तर एके दिवशी गल्लीतला दातांचा डॉक्टर एक भलंमोठं बोचकं घेऊन दुकानात आला. आत पतंग होता. खोलीत मावेना एवढा, निळा-पिवळा, पुढच्या कडेला हवा भरायची जाड नळी, आणि मधोमध टराटरा फाटलेला. डॉक्टरनं तो परदेशातून मागवला होता. पायाखाली फळी घ्यायची, पतंग आकाशात, आणि वाऱ्यानं आपल्याला पाण्यावरून ओढत न्यायचं, असा काहीसा खेळ. आज समुद्रावर पोरंसोरं करतात, पण तेव्हा कुणी ऐकलाही नव्हता. डॉक्टरनं पहिल्याच दिवशी पतंग कुंपणाच्या तारेत घातला होता.

ताईनं तो सुरेख शिवला. पण तिचा एक नियम होता: शिवलेलं कापड ताणून बघितल्याशिवाय गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचं नाही. ट्रकची ताडपत्री असली की ती चौघांना चार कोपरे धरायला लावायची आणि वर स्वतः उभी राहायची. आता पतंग ताणायचा कसा?

“वाऱ्यात,” ताई म्हणाली. “दुसरं कोण ताणणार?”

भावजींना घेऊन तिघं किनाऱ्यावर गेले. “अहो ताई, तुम्ही नका...” डॉक्टर म्हणतोय तोवर तिनं पदर खोचला आणि पतंगाच्या दोऱ्या बांधलेली दांडी हातात घेतली. भावजींनी पतंग धरून वर सोडला. पुढचं काही बघायची कुणाला सवड मिळाली नाही. पतंग सणसणत वर गेला आणि ताई पोटावर आडवी होऊन वाळूतून निघाली. “अगं सोड! सोड ती दांडी!” म्हणत भावजी मागे धावले, त्यांच्या मागे डॉक्टर. पतंग एकदाचा पडला तेव्हा ताई वाळूत पालथी, तोंडात वाळू, एक चप्पल गायब. भावजी धापा टाकत पोचले. तिनं मान वर केली, थू थू करून वाळू थुंकली आणि ओरडली, “टीप धरली हो!”

त्या क्षणी भावजींना कळून चुकलं की ही बाई आता काही ऐकायची नाही.

डॉक्टरचा उत्साह महिनाभर टिकला. मग सुटलेल्या दांडीनं त्याचाच पुढचा दात पाडला. दातांच्या डॉक्टरचा दात! गल्ली दोन दिवस हसत होती. त्यानं सगळं सामान आणून ताईच्या दुकानात टाकलं. “तुम्हीच ठेवा. माझ्या डोळ्यांसमोर नको.”

ते सामान म्हणजे जिवाशी खेळ होता. दोनच दोऱ्या, त्यामुळे वाऱ्याचा जोर कमी करायची सोयच नाही. कमरेच्या पट्ट्याचा आकडा दांडीच्या दोरीत एकदा अडकला की पतंग नेईल तिकडं जायचं. सुटायची कळ नाही की काही नाही. ताईनं ती दोरी बघितली आणि डोक्याला हात लावला. “ट्रकवाल्याला मी असली गाठ दिली असती तर त्यानं मला दारात उभं केलं नसतं.” तिनं ताडपत्रीला मारायची सरकगाठ तिथं बसवली. एक टोक ओढलं की सगळं मोकळं. फळी म्हणजे पलंगाचा अर्धा भाग म्हणा ना! तिला पाय अडकवायला तिनं ट्रकचे जुने पट्टे शिवले. भावजींची जुनी पँट चढवून, केस करकचून बांधून ती पाण्यात उतरू लागली.

पाणी पिऊन पिऊन तिच्या नाकी नऊ आले. पतंग एकदा पाण्यात पडला की भिजून दगड, तो पुन्हा उठायचा नाही. मग सगळं ओढत पोहत काठाला या, वाळवा, नळीत पायपंपानं हवा भरा आणि पुन्हा जा. सासूबाई दारातूनच स्वागत करायच्या, “या! सून आणली होती, घरात पाणकोंबडी आली!” ताई ओल्या केसांनी हसायची. “पाणकोंबडीला चहा मिळेल का?” म्हणायची. आणि नवल म्हणजे, सासूबाई बडबडत का होईना, चहा आधीच टाकून ठेवायच्या.

उभं राहायला तिला वर्ष लागलं. ज्या दिवशी उभी राहिली त्या दिवशी भावजी काठावर एकटेच होते आणि एकट्यानंच टाळ्या वाजवत होते. चाळिशी ओलांडलेली त्यांची बायको फळीवर उभी राहून पाण्यावरून सरसर चालली होती. त्यांचे डोळे भरून आले. असं काही आपण कधी करू शकणार नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं आणि त्याचं त्यांना जराही वाईट वाटलं नाही.

फक्त एक अडचण होती. जाता यायचं, परत येता यायचं नाही. वारा किनाऱ्याच्या कडेनं वाहायचा आणि ताईला खाली, लांबवर नेऊन सोडायचा. वाऱ्याच्या उलट चढून निघाल्या जागी परत येणं त्या जुन्या पतंगावर महाकठीण काम. मग भावजींनी त्यावर आपला उपाय काढला. ती पाण्यात उतरली की ते बेकरीची रिकामी गाडी काढायचे आणि किनाऱ्याच्या रस्त्यानं तिच्या बरोबरीनं चालवायचे. खिडकी उघडी, एक कान बाहेर. पतंगाची मागची किनार सैल होती, ती वाऱ्यात सारखी फडफडायची. झाडांच्या, घरांच्या आडून पतंग दिसेनासा झाला तरी फडफड ऐकू यायची, आणि भावजी त्या आवाजाच्या मागं गाडी हाकायचे. ताई कुठंही लागो, तिच्या आधी भावजी तिथं हजर. हातात टॉवेल आणि सकाळचा उरलेला पाव.

“ती फडफड एकदा बंद करायला हवी,” ताई पाव खाता खाता म्हणायची. “कानाला शिवी दिल्यासारखी लागते.”

“बरं,” भावजी म्हणायचे.

अशी कैक वर्षं गेली. मग एका सकाळी भावजींनी बेकरीच्या फाटकाला गाडी घासली. पुढच्या आठवड्यात उभा असलेला हातगाडा त्यांना दिसलाच नाही. नशीब, माणूस बाजूला होता. डोळ्यांच्या डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. समोरचं तेवढं दिसत होतं, नळीतून बघावं तसं. कडेचं सगळं गेलं होतं आणि गेलेलं परत येणार नव्हतं. भावजींनी गाडीची किल्ली बेकरीत परत दिली आणि बिस्किटांच्या काउंटरवर बसू लागले. तक्रार केली नाही. नुसतेच गप्प झाले, ‘बरं’सुद्धा कमी झालं.

ताईनं पतंग गुंडाळून माळ्यावर टाकला.

“हे काय?” भावजींनी विचारलं.

“पुरे झालं आता. वय झालं.”

“वय माझ्या डोळ्यांचं झालंय. तुला काय धाड भरलीय?”

“आणि तिकडं लांब जाऊन पडले तर आणायला कोण येणार? तुम्ही?”

शब्द निसटला. ताईनं जीभ चावली. भावजी आयुष्यात पहिल्यांदा बायकोवर ओरडले, “मग जिथून गेलीस तिथंच परत ये! तुला काय येत नाही गं? एवढं तेवढं शीक! माझं गेलं ते गेलं, माझ्यापायी तुझं गेलं तर मी या घरात तोंड कुठं लपवू?”

आतल्या खोलीतून सासूबाई म्हणाल्या, “बरोबर बोलतोय तो.” झालं! आता कुणाची टाप होती?

पतंग माळ्यावरून उतरला. ताई रोज दुपारी भावजींचा हात धरून त्यांना किनाऱ्यावर आणायची, एका पालथ्या होडीवर बसवायची आणि पाण्यात जायची. आणि रोज लांबवर फेकली जायची. मग ती ओली फळी डोक्यावर आणि पतंग काखेत मारून वाळूतून चालत परत येणं. तोवर भावजी होडीवर एकटे. नळीएवढ्या नजरेला एवढ्या आकाशात पतंग सापडायचा नाही, भरवसा फक्त कानांवर. फडफड दूर दूर जात विरून गेली की त्यांचा जीव टांगणीला लागायचा. ते तिला कधी बोलले नाहीत. पण तिला न कळायला ती काय आंधळी होती?

शेवटी तिनं दुकानात पतंग पसरला. वारा त्या सैल किनारीतून निसटतो, म्हणून वाऱ्याच्या उलट चढता येत नाही, हे तिनं ताडलं होतं. किनारीत आतून पट्टी घालून तिनं ताणून दुहेरी टीप मारली. अशी शिवण की दातांचा डॉक्टर हात फिरवून म्हणाला, “ताई, ही काचेत लावून ठेवा.”

दुसऱ्या दिवशी वारा छान होता. पतंग वर गेला आणि त्याचा आवाजच नाही. घारीसारखा गप्प. ताईनं टाचांवर भार दिला आणि फळी वाऱ्याच्या उलट धरली. आणि काय सांगू, फळी चढू लागली! एक फेरी आत, एक फेरी काठाकडं, दर फेरीला थोडी थोडी वर. आजवर कधी जमलं नव्हतं ते जमत होतं. ताई पाण्यावर एकटीच मोठमोठ्यानं हसत होती. निघाली होती नेमक्या त्याच जागी तिनं काठ गाठला, पतंग उतरवला आणि वळून बघितलं. होडीवर कुणी नव्हतं.

भावजी समुद्रात होते. छातीएवढ्या पाण्यात, कपड्यांसकट, दोन्ही हात पुढं करून चाचपडत. घसा फुटेपर्यंत हाका मारत होते, “अगं! अगं कुठं आहेस?”

ताई सगळं टाकून धावली. लाट भावजींच्या तोंडावर आपटली तेवढ्यात तिनं त्यांची कॉलर पकडली आणि फरफटत काठावर आणलं. दोघं वाळूत बसले.

“पोहता येत नाही तुम्हाला! मरायचं होतं का?”

“मग काय करू?” भावजी म्हणाले. “तू ऐकूच येईनास. मला वाटलं, बुडालीस.”

मशीनवर आयुष्य काढलेल्या त्या बाईनं तिथंच, वाळूत बसून, नवऱ्याच्या ओल्या खांद्यावर डोकं ठेवून रडून घेतलं.

आणि दुसऱ्या दुपारी ती खड्ड्यात उतरली नाही. दारात प्रकाशाला बसली, पतंग मांडीवर घेतला आणि कातरीच्या टोकानं ती दुहेरी टीप एकेक टाका करून उसवू लागली. दातांचा डॉक्टर रस्त्यातच थांबला. “अहो ताई, ही शिवण उसवताय? वेड लागलंय का? आता कुठं तुम्हाला परत येता येतंय!”

“शिवण गिऱ्हाइकासाठी असते, डॉक्टर,” ताई म्हणाली. मान वर केली नाही. “माझं गिऱ्हाईक त्या होडीवर बसतं.”

पट्टी निघाली. किनार पुन्हा सैल झाली, फडफड परत आली, आणि ताई पुन्हा लांबवर फेकली जाऊ लागली. पुन्हा डोक्यावर फळी, पुन्हा वाळूतली पायपीट. पण आता चढण्याची चव तिच्या पायांना कळली होती. पतंग जे देत नव्हता ते तिनं टाचांकडून, गुडघ्यांकडून, पाठीकडून वसूल करायचं ठरवलं. पाठ जवळजवळ पाण्याला टेकेपर्यंत ती मागं झुकायची. रात्री सासूबाई तेल चोळून देताना म्हणायच्या, “मोडशील गं बाई,” आणि आणखी जोरात चोळायच्या. भावजी संध्याकाळी सांगायचे, “आज फडफड कालच्यापेक्षा उशिरा विरली.” तेवढ्यावर ती दुसऱ्या दिवशी पुन्हा जायची.

मोसम सरत आला होता. त्या दुपारी भावजी नेहमीसारखे होडीवर बसले होते, हात गुडघ्यांवर, मान तिरकी. फडफड आत गेली, बारीक झाली. ते श्वास रोखून ऐकत राहिले. आता विरणार, आता विरणार. पण ती विरली नाही. जरा मोठी झाली. पुन्हा आत गेली, पुन्हा आली, आधीपेक्षा जवळून. भावजी उभे राहिले. आवाज वाढत वाढत थेट त्यांच्या डोक्यावर आला आणि शेजारच्या वाळूत धप्पकन उतरला. मग ओली पावलं. मग पाण्यानं गार पडलेला एक हात त्यांच्या हातात आला.

“आलीस?” भावजींनी तो हात दोन्ही हातांनी घट्ट धरला.

“आले ना,” ताई म्हणाली. धाप लागली होती, पण आवाजात हसू मावत नव्हतं. “इतकी वर्षं तुम्ही येत होतात. चला, आज मी आलेय तुम्हाला न्यायला.”