माझ्या उजेडात निवडलेले तांदूळ

खोटं मी बोलत नाही, खऱ्याला जरा फोडणी देतो. बेगडेवाडी स्टेशनाबाहेरच्या चहाच्या टपरीवर त्या फोडणीचा ठसका लागला नाही असा माणूस अख्ख्या मावळात सापडायचा नाही. इंद्रायणीच्या पुरात म्हशीचं शेपूट धरून मी देहूपर्यंत गेलो आणि वाटेत तिची धारही काढली, हे तिथं लहानथोरांना पाठ आहे.

पोटासाठी मी वराळ्याजवळच्या एका कारखान्यात वेल्डिंग शिकवतो. अणुवीज केंद्रांत बसणारे स्टीलचे पाइप आम्ही जोडतो. मागे मोठ्या साहेबांनी आम्हाला बसवून सांगितलं, एक अणुभट्टी बांधून हात झटकायचे दिवस गेले. आता एकामागून एक बांधायच्या. यंत्रं विकत येतील, पण तीन पिढ्या गळणार नाही असा सांधा घालणारा हात विकत मिळत नाही. तो घडवावा लागतो. ‘माणसं तयार करा,’ म्हणाले, आणि माझ्याकडे बघितलं. देशाची वीज माझ्या एकट्याच्या खांद्यावर आल्याचं मी त्याच संध्याकाळी टपरीवर जाहीर करून टाकलं.

माणसं शोधताना डोंगरावरच्या वाडीतली एक मुलगी मिळाली. आयटीआय झालेली, बोलायला कमी, हसायला त्याहून कमी. पण करंजीला मुरड घालावी तसा तिचा सांधा. एवढे पाइप पाहिले मी, इथून दिल्लीपर्यंत अंथरता येतील, पण असा हात पाहिला नव्हता. बाहेरच्या तपासनिसासमोर परीक्षा द्यायची, पास झाली की पक्की नोकरी. माझी तर छाती फुगून शर्टाची बटणं तुटायला आली होती.

तेवढ्यात टपरीवर कुणीतरी विचारलं, “पर भाऊ, ती किरणं अंगाला लागत न्हाईत का?”

खरं उत्तर एवढंसं होतं. आमच्याकडे स्टील येतं आणि स्टीलच जातं, अणुइंधनाचा कणसुद्धा येत नाही. पण एवढ्याशा उत्तरात चहा कुठं संपतो?

“लागत्यात की,” मी म्हणालो. “घरात बल्ब लावायचाच सोडलाय. मी बनियनवर पाटावर बसतो, अन् बायको माझ्या उजेडात तांदूळ निवडते.”

टपरी हसून आडवी झाली. हसणाऱ्यांत त्या वाडीवरून बाजाराला आलेला एकजण होता. तांदूळ त्याच्याबरोबर डोंगर चढले, आणि चढता चढता त्यांचं भलतंच काही शिजलं. तिथं कामाला गेलेल्या बाईला मूल होत नाही, असं वाडीवर झालं. मुलीचं लग्न ठरत आलं होतं. सोयऱ्यांच्या कानावर गेलं आणि परीक्षेच्या आठवड्यातच तिचं कामावर येणं थांबलं.

मी वाडीवर गेलो. तिच्या वडिलांनी, आबांनी, कोरा चहा दिला. मी सगळं खरं सांगितलं, फोडणीशिवाय. आबा मनापासून हसले. “भाऊ, तुमी लय भारी सांगता,” म्हणाले.

म्हणून दोघा बापलेकींना कारखान्यात आणलं. डोळ्यांनी बघतील म्हणून. तर दारातच पांढरे कोट आणि पायांना पिशव्या, स्टीलला बाहेरची घाण लागू नये यासाठी. आबांनी पायातल्या पिशवीकडे बघितलं. पुढं कोपऱ्याला दोरी लावलेली, पिवळी पाटी टांगलेली, भोंगा वाजत होता. सांध्याची फिल्म काढत होते, दवाखान्यात एक्स-रे काढतात तशी. तेवढा वेळ कुणी दोरीच्या आत जात नाही. हे मी समजावलं, आणि त्यातला शब्दन् शब्द खरा होता.

“म्हंजी किरणं हायेत,” आबा म्हणाले.

“हायेत, पण...”

“वाडीवर तुमी न्हाई म्हनला व्हता.”

मुलगी मध्ये पडली. “आबा, मला न्हाई भ्या वाटत.”

“मला वाटतंय,” आबा म्हणाले. मग माझ्याकडे वळले. “तुमाला बी लेक हाय. हितं लावाल तिला?”

माझी मुलगी पुण्यात बँकेत आहे. या धगीत, धुरात येऊ नको, पंख्याखाली बस, असं मीच तिला सांगितलं होतं. किरणांचा त्यात काही संबंध नव्हता. पण जन्मात पहिल्यांदा माझ्या तोंडून एकच शब्द आला.

“न्हाई.”

पुढचं सांगेपर्यंत आबांनी पायातल्या पिशव्या काढल्या होत्या. सोयरीक टिकली, लग्न पुढच्या साली आहे.

आता ती घोरावाडीकडच्या एका शेडमध्ये लोणावळ्यातल्या बंगल्यांची फाटकं जोडते. परवा मी तिथं गेलो. अणुभट्टीला शोभेल असा सांधा फाटकाला घातलेला, आणि त्यावर फासायला शेजारी रंगाचा डबा उघडून ठेवलेला. पुन्हा परीक्षा आहे, ये म्हटलं. तिनं मास्क वर केला. “आबांना इचारा, सर. पर साधं सांगा.”

रविवारी वर गेलो. आबांनी शेजारच्यांनाही हाक मारून बसवलं. मी म्हणालो, “आबा, चूक माझी हाय. आमच्याकडं निस्तं स्टील येतं. फिल्म काढताना पोरगी दोरीभायेर आसती. तिला कायबी व्हणार न्हाई.”

सगळे माझ्या तोंडाकडे बघत राहिले. आबा गुडघ्यांना मिठी घालून पुढं सरकले.

“बरं,” म्हणाले, “मंग फुडं काय झालं?”