रद्दीत बांधलेला शत्रू

मुलांनो,

धाकटीचा निरोप मिळाला. शाळेत वादविवाद आहे, विषय ‘युद्धकाळात मुक्त समाजाने शत्रूच्या प्रचारावर बंदी घालावी का’, आणि आजीने उद्यापर्यंत पाच मुद्दे पाठवायचे, शक्यतो इंग्रजीत. मुद्दे माझ्याकडे नाहीत. पण गेल्या वर्षी सीमेवर काही दिवस लढाई झाली, तेव्हा इथे जपानात, कोतोमधल्या आमच्या इमारतीतल्या नऊ मराठी घरांनी ही बंदी खरोखर घालून पाहिली. ते घडलं तसं मराठीत लिहिते. आत्ताच लिहिते, कारण बंदीच्या समितीत तुमचा मामाही होता, आणि दिवाळीला तो तिकडे आला की त्याच्या तोंडून हीच गोष्ट फार थोर होऊन तुमच्या कानावर पडेल.

इथे सोसायटीच्या सूचना काइरानबानवर फिरतात. ती एक पाटी असते. सूचना वाचायची, आपल्या चौकटीत शिक्का मारायचा आणि पाटी शेजारच्या दाराला अडकवायची. मी कॉन्व्हेंटात शिकलेली बाई. चौकटी आणि तारखा दिसल्या की मला बरं वाटतं. म्हणून आमच्या नऊ घरांसाठी मी तशीच एक मराठी फाइल सुरू केली. दर शनिवारी चार पानं: गावाकडच्या बातम्या, एखादी पाककृती, कोणत्या स्टेशनाजवळ कोथिंबीर ताजी मिळते ते. मुलांकडे राहायला आलेल्या म्हाताऱ्यांना ती फार आवडायची.

लढाई सुरू झाली तशी फाइल रोज निघू लागली. डाव्या पानावर आपल्या सरकारचं निवेदन, उजव्या पानावर पलीकडच्यांचं, दोन्ही मी मराठीत उतरवलेली. पलीकडचे किती खोटं बोलतात ते लोकांना शेजारी ठेवून दिसावं, एवढाच हेतू. त्यांचं इंग्रजी आपल्यापेक्षा बरं होतं, हे मी कुठे लिहिलं नाही. तेवढी देशभक्ती माझ्यातही आहे.

आपल्या वाहिन्यांचं तर विचारू नका. त्यांनी पहिल्याच संध्याकाळी शत्रूचं बंदर बुडवलं आणि जेवणं होईपर्यंत राजधानी घेतली. ती परत कधी दिली, ते मात्र कोणी सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी माझ्या हातून चूक झाली. मुंबईवर हल्ला केल्याची पलीकडची एक बढाई मी तशीच उतरवली, शेजारी ‘खोटं’ असं लिहिलं नाही. मला वाटलं, हसतील लोक. तिसऱ्या मजल्यावरच्या आजोबांनी ती वाचून लगेच दादरला बहिणीला फोन लावला. बहीण भाजी निवडत होती. तिने त्यांनाच झापलं, पण आजोबांचा रक्तदाब वाढायचा तो वाढलाच.

लगेच बैठक. इमारतीचा हॉल नियमाप्रमाणे अर्ज करून घेतला, चपला ओळीत लावल्या, आणि मग देशाच्या सुरक्षेचा विचार सुरू झाला. अध्यक्ष होते बँकेतून पोस्टिंगवर आलेले एक गृहस्थ.

“काकू, युद्ध आहे,” ते म्हणाले. “शत्रूचा आवाज आपण आपल्याच हाताने घरात का आणायचा?”

“तो काय म्हणतोय ते कळायला.”

“आपल्याला काय कळायला हवं ते सरकार सांगतंच की.”

“मग त्यांच्यात आणि आपल्यात फरक काय राहिला?”

“काकू, त्यांच्याकडे हुकूम निघतो. आपण मतदान घेऊ.”

एका सॉफ्टवेअर इंजिनिअरने समजावलं की याला सेन्सॉरशिप नाही, मॉडरेशन म्हणतात. तुमचा मामा खाली बघत म्हणाला, “आई, थोडे दिवस फक्त पाककृती टाक ना.” सात विरुद्ध दोन मतांनी आमच्या मुक्त समाजाने आपला एक डोळा झाकून घेतला. दुसरं मत त्या आजोबांचं होतं. ते म्हणाले, घाबरलो तो मी, आणि मला विचारल्याशिवाय माझा बंदोबस्त कसला करता?

ठरलं असं: फाइल आधी तिघांच्या समितीकडे जाईल, अध्यक्ष, इंजिनिअर आणि मामा. आक्षेपार्ह पान काढून उरलेलं पुढे जाईल. आता काढायचं म्हणजे आधी वाचायला हवं. ज्या तिघांनी आयुष्यात पलीकडचा एक शब्द वाचला नव्हता, ते शत्रूच्या प्रचाराचे इमारतीतले सर्वांत नेमाचे वाचक झाले. एका सकाळी मला उशीर झाला तर अध्यक्षांचा फोन. “काकू, पान नाही आलं अजून? तिकडे काय म्हणतायत आज?”

यात एकीचा जीव टांगणीला लागला होता. सहाव्या मजल्यावर एक मुलगी राहते, पुण्याच्या एका दुसऱ्याच इंजिनिअरशी लग्न करून आलेली. मराठी ती लग्नानंतर शिकली. तिचं माहेर सीमेजवळच्या एका लहान गावात, आईवडील तिथेच. त्या गावचे फोन दोन दिवस लागत नव्हते. नवरा म्हणे, नेटवर्क जॅम आहे. जिल्ह्याच्या गावी राहणारे तिचे मामा फोनवर म्हणत, सगळं ठीक आहे बेटी. आपल्या बातम्यांत तिच्या गावाचं नाव नव्हतं. पलीकडची निवेदनं उघडून पाहावीत, हे तिला सुचलं नाही. ते खोटं बोलतात, हे ती आम्हा सगळ्यांसारखंच रोज ऐकत होती.

आता समितीची खरी कर्तबगारी. काढलेली पानं ठेवायची कुठे? फाडून जळाऊ कचऱ्यात टाकणं सोपं होतं. पण इथे कागद जळाऊ कचऱ्यात टाकत नाहीत. तो सपाट रचून, दोरीने आडवा-उभा बांधून, ठरलेल्या दिवशी कचऱ्याच्या खोलीत ठेवतात. अध्यक्ष नियमाचे पक्के. रद्दीच्या दिवशी त्यांनी शत्रूचा सगळा प्रचार, माझ्या मोठ्या वळणदार मराठी अक्षरात, सुबक गठ्ठा बांधून, अक्षरं वर करून तळमजल्यावर ठेवला. सकाळी नऊ वाजायच्या आत आठ घरं दुधाचा एकेक रिकामा कागदी डबा घेऊन खाली उतरली होती. चष्मे लावून.

सहाव्या मजल्यावरची मुलगी खरोखरच रद्दी टाकायला गेली होती. वरच्याच पानावर तिच्या गावाचं नाव होतं: पहाटे अमुक वाजता तिथला लष्करी डेपो उद्ध्वस्त केला. ते वाक्य मीच उतरवलं होतं. तिचं माहेर मला जिल्ह्यापुरतंच ठाऊक होतं, गावाचं नाव मी कधी विचारलं नव्हतं. हा दोष माझा.

पान हातात घेऊन ती माझ्या दारात आली. “आजी, हे खरं?”

“डेपो होता का तिथे?”

“नाही. धान्याचं गोदाम आहे. आमच्या घरासमोर.”

ती माझ्याच स्वयंपाकघरात बसून तिच्या मामांशी बोलली. तिची भाषा मला येत नाही, पण तिने पानावरची वेळ आणि गोदामाचं नाव सांगितलं तेव्हा फोनवर ते मामा रडू लागले, एवढं मला कळलं. फोन ठेवून तिने मला सांगितलं. गोळा अंगणात पडला होता. वडिलांच्या खांद्याला जखम होती, आई धडधाकट होती, दोघं मामांच्याच घरी होते. तिला सांगू नका, असं आईवडिलांनी बजावलं होतं.

ती उठून सरळ अध्यक्षांकडे गेली. मी मागोमाग.

“काका, माझं गाव तुम्हाला ठाऊक होतं?”

“होतं, बेटा. म्हणूनच ते पान काढलं. तुझ्या नवऱ्याला विचारूनच काढलं. आणि बातमी शत्रूची होती ना.”

“गोळाही शत्रूचाच होता, काका. तो तुम्हाला अडवता आला नाही.”

अध्यक्ष बराच वेळ दाराची कडी नीट करत राहिले. तुमच्या मामानेही ते पान वाचून त्यावर शिक्का मारला होता. घरी आल्यावर मी त्याला काही विचारलं नाही. त्या दिवशी फक्त पाककृतीच केली, कारल्याची.

तर धाकटे, एवढं सांग तुझ्या परीक्षकांना. आपल्या फौजा कुठे निघाल्या ते छापू नये, आणि शत्रूचा पगार घेऊन लिहिणाऱ्याला खुशाल तुरुंगात टाकावं. पण शत्रू जे उघड बोलतो ते झाकायला माणसं नेमलीत, तर ती माणसं शत्रूपाशी थांबत नाहीत. तीन दिवसांत ती आमच्या सहाव्या मजल्यावर पोचली होती. त्या निवेदनात डेपो खोटा होता, विजय खोटा होता. जागा आणि वेळ खरी होती. माझी चूक आजोबांना अर्धा तास भोवली. समितीच्या शहाणपणाने एका मुलीला दोन दिवस आईवडिलांपासून तोडलं. त्या बढाईच्या शेजारी ‘खोटं’ हा शब्द लिहिला असता तर दोन्ही टळलं असतं.

लढाई थांबली. समिती बरखास्त करायला बैठक घ्यावी लागेल, म्हणून ती अजून आहे. मुलगी पुढच्याच महिन्यात माहेरी जाऊन आली. घराची पुढची खोली गेली आहे. मागच्या दोन खोल्या आणि स्वयंपाकघर शाबूत आहे, आणि तिचे आईवडील तिथेच राहतात.