एक वाजून दहा मिनिटांचा मेसेज

ती दुपार आठवली की आजही अंगावर काटा येतो. आणि काटा आणायला माझं अंग काही साधं नव्हतं. अंबडच्या कोर्टात मी फौजदार म्हणून साक्षीला उभा राहिलो की आरोपीचा वकील आधी पाण्याचा ग्लास मागायचा. त्या दुपारी मात्र पाणी मी मागितलं.

दोन हजार सालानंतरची गोष्ट. जालन्यात बियाण्यांच्या पिशव्यांवर लेबलं छापायचं सॉफ्टवेअर बनवणारी एक छोटी कंपनी होती. भागीदार दोघे. त्यातला थोरला अकरा दिवसांपासून बेपत्ता. त्याची मोटारसायकल शहागडला गोदावरीच्या पुलाजवळ सापडलेली. पुढं नदीच्या खालच्या अंगाला, शेजारच्या जिल्ह्यात, एक बेवारस प्रेत मिळालं होतं. चेहरा ओळखण्यासारखा राहिला नव्हता. कपडे तेवढे तिथल्या ठाण्यात जपून ठेवले होते. ते बघायला चला म्हटलं, तर त्याच्या बायकोनं साफ नकार दिला.

"परक्याचे कपडे मी काऊन बघू? ह्यांचा मेसेज आज बी आल्ता, साहेब!"

तिनं मोबाईल पुढं केला. रोज दुपारी एक वाजून दहा मिनिटांनी तोच मजकूर, खाली नवऱ्याचं नाव: 'काम झालं. जेवून घे. माझी वाट बघू नको.' अकराही दिवस न चुकता. आणि ही बाई वाट बघत उपाशी. "ते आल्याबिगर दुपारचा घास घेणार न्हाई," म्हणाली. पार वाळून गेली होती.

त्याच सुमारास ठाण्यात एक निनावी फोन आला. "धाकट्या भागीदारानं त्याला हापिसातच कोंडलंय. मागच्या खोलीतून आवाज येऊन राह्यलाय."

आम्ही पंच घेऊन धडकलो. माणूस काही नव्हता. धाकटा भागीदार घाबरून म्हणाला, "मेसेज मी न्हाई करत, साहेब. मशीनवरून जात असतील. पण मशीनचा पासवर्ड एकट्या दादाकडं." थोरल्याला तो दादा म्हणायचा.

"मग मशीनच जप्त!" मी गरजलो. हवालदारानं टेबलावरचा संगणक उचलला, लाखेचं सील ठोकलं, खोलीलाही कुलूप आणि सील. भागीदार मध्येच काहीतरी बोलायला लागला. मी म्हटलं, "चूप!" माझं 'चूप' तेव्हा केदारखेड्यापर्यंत ऐकू जायचं. तो चूप बसला.

दुसऱ्या दिवशी ती बाई ठाण्यात माझ्यासमोर बसलेली. टेबलावर सीलबंद संगणक, ना वायर ना वीज. घड्याळात एक वाजून दहा. तिचा मोबाईल वाजला.

'काम झालं. जेवून घे. माझी वाट बघू नको.'

पाणी मागितलं ते तेव्हा.

सगळे मिळून हापिसात गेलो. दारावरचं सील जसंच्या तसं. लोडशेडिंगमुळे गल्लीत चिडीचूप. साधा पंखा फिरत नव्हता. हवालदारानं दाराला कान लावला आणि मागं सरकला.

"साहेब, आत कोणतरी दम घेऊन राह्यलंय."

मीही ऐकलं. लांब, संथ, एकसारखा श्वास. शप्पथ सांगतो, माझा हात पिस्तुलावर गेला. पंचांसमक्ष सील तोडलं. खोलीत काळोख. टेबलाखाली हिरवा ठिपका, आणि तो श्वास तिथून.

"साहेब," मागून भागीदार हळूच म्हणाला, "तुम्ही काल न्हेला तो नुसता पडदा. मशीन हे. बॅटरीवर चालू हाय, त्याच्या पंख्याचा आवाज हा. मी सांगतच होतो, तुम्ही चूप म्हणले."

पंचनाम्यात 'संगणक, एक नग' असं हवालदारानं लिहिलं होतं. खाली सही कुणाची, ते विचारू नका. बरं, माझी.

पडदा आणून जोडला. चौकशीत कळलं ते असं: हापिसातली पोरं दिवसभर सॉफ्टवेअरचे तुकडे लिहायची. हे मशीन रोज एक वाजता आपोआप ते गोळा करून जोडायचं, तपासायचं आणि अख्खं सॉफ्टवेअर तयार करायचं. त्याला आणखी काय काय कामं लावलीत, ते बघायचा अधिकार थोरल्याचाच.

"पासवर्ड काढ," मी म्हटलं, "नाहीतर मला दुसरे मार्ग येतात."

"मारा ना, साहेब. जे माहीतच न्हाई ते कुठून निघंल?" मग तो घुटमळला. "एक वाट हाय. पासवर्ड मागायचा का न्हाई, हे मशीनमधल्याच एका फाईलीत लिहिलेलं असतं. म्होरं बसून ते बदलता येतं."

"मग इतके दिवस काय केलंस?"

"दादा परत आला अन् म्हणला, माझ्या वस्तूला हात काऊन लावला, तर?"

त्यानं आधी त्या फाईलीची नक्कल काढून ठेवली. मशीनचं काम थांबवलं. फाईलीत 'सुरक्षा: होय' अशा अर्थाचं होतं, तिथं 'नाही' केलं. पुन्हा चालू केलं. या वेळी पडद्यानं काहीच विचारलं नाही. सगळी कामं समोर उलगडली. रोजच्या कामाच्या शेवटी एक ओळ: काम पूर्ण झालं की या नंबरला हा मजकूर पाठव. लावल्याची तारीख दोन वर्षांपूर्वीची.

बाईनं पडद्यावरच्या त्या तारखेवर बोट ठेवलं.

"म्हंजी आधीचे बी... ते सोता लिहीत नव्हते?"

"वहिनी," भागीदार खाली बघत म्हणाला, "दादा कामात बुडला की सगळं विसरायचा. तुम्ही उपाशी थांबता, म्हणून मशीनलाच सांगून ठेवलं त्यानं."

"मंग ठाऊक होतं ह्यांना, मी थांबते ते." तिनं पदरानं तोंड पुसलं. "करा बंद ते, भाऊजी. चला साहेब, कुठं हायेत कपडे?"

खोट्या पुराव्यांनी मला नोकरीत कधी फसवलं नाही. त्यांचा वास लांबून यायचा. फसवलं ते या खऱ्यानं. मेसेज खरा होता, त्याचाच होता. फक्त तो कधीचा आहे, हे मी विचारलं नव्हतं. आणि ज्याला विचारायला हवं होतं, त्याला मीच चूप केलं होतं. पुढं नव्या फौजदारांना मी एवढंच सांगायचो: समोरचा घाबरून बोलत असला, तरी त्याचं वाक्य पुरं होऊ द्या.

शेजारच्या जिल्ह्यातल्या त्या ठाण्यात कपड्यांचं गाठोडं सोडलं. शर्टाच्या खिशाला आतून टाके घातलेले. तिनं त्यावरून बोट फिरवलं. "माझ्याच हातचे हायेत."

मी जबाब लिहायला घेतला आणि सवयीनं नवऱ्याच्या नावापुढं 'बेपत्ता' लिहून गेलो. तिनं वाचलं, माझ्या हातातलं पेन घेतलं आणि तो शब्द खोडला. खोडलेल्या जागी सही लागते, हा नियम. मी सांगेपर्यंत तिनं ती केलीही होती.